सार्वजनिक पैशाचे पाणी : रावबहादूर बोले यांच्या ठरावाची चौदा वर्षे

दादरला पोर्तुगीज चर्चकडून सिद्धिविनायकाच्या दिशेने जाणारा रस्ता एस. के. बोले मार्ग या नावाने ओळखला जातो. मंगळवारी त्या रस्त्याने हजारो माणसे जातात, पण सीताराम केशव बोले कोण होते, हे त्यांतल्या फार थोड्यांना सांगता येईल. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. त्या सत्याग्रहाच्या साडेतीन वर्षे आधी मुंबई कायदे कौन्सिलात एक ठराव मंजूर झाला होता. महाडला जमलेले लोक तळ्याकडे निघाले, तेव्हा त्यांच्या पाठीशी कायद्याच्या भाषेतला जो काही आधार होता, त्याचे मूळ त्या ठरावात होते. तो ठराव बोल्यांचा.

बोले भंडारी समाजातले. माडाची झाडे चढून ताडी-माडी काढणे हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय. इंग्रजांच्या अबकारी धोरणाने तो आवळत नेला आणि कोकणातली कितीतरी भंडारी कुटुंबे मुंबईच्या आश्रयाला आली. या शहरातच बोल्यांचे सार्वजनिक आयुष्य घडले. 1910च्या सुमारास उभ्या राहिलेल्या कामगार हितवर्धक सभेच्या प्रमुख कार्यकर्त्यांत ते होते. गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मालकांपुढे आणि सरकारपुढे मांडायची, जमेल तिथे तडजोड घडवून आणायची, असे त्या सभेचे काम चाले. संपाची भाषा करणारी पिढी पुढे आली. बोले अर्ज-विनंत्या आणि शिष्टमंडळे यांच्या काळातले पुढारी होते. सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली होती आणि लोकही त्यांना त्याच नावाने हाक मारत.

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र पुढच्या सगळ्या इतिहासाला जोडून घ्यावी अशी आहे. 1907 साली एल्फिन्स्टन हायस्कुलातला एक महार विद्यार्थी मॅट्रिक झाला. त्या काळी ही एवढी अपूर्व घटना होती की त्याच्या अभिनंदनाची सभा भरली. सभेचे अध्यक्ष होते बोले. विल्सन हायस्कुलातले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलाला भेट दिले, आणि पुढे त्यांच्याच खटपटीने त्याला बडोद्याच्या महाराजांकडून दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. वीस वर्षांनी, 1927च्या फेब्रुवारीत, आंबेडकर नियुक्त सभासद म्हणून मुंबई कौन्सिलात आले, तेव्हा ज्या ठरावाचे पुढे काय झाले हे पाहण्याची जबाबदारी त्यांच्या अंगावर येणार होती, तो ठराव त्या जुन्या सभेच्या अध्यक्षांनी मांडलेला होता.

हे कौन्सिल 1919च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांतून उभे राहिले होते. प्रांताचा कारभार दोन भागांत विभागला गेला. पैसा, महसूल आणि पोलीस गव्हर्नरच्या हाती राहिले. शिक्षण, सार्वजनिक आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य ही खाती कौन्सिलाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे आली. मताधिकार मालमत्तेवर आणि कराच्या भरण्यावर अवलंबून होता. त्यामुळे गिरणीतला कामगार आणि गावातला महार-चांभार मतदानापासून दूरच राहिला. 1920च्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार घातला, आणि मुंबई प्रांतात ब्राह्मणेतर पुढाऱ्यांना कौन्सिलात बरीच जागा मिळाली. मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखीव होत्या. साऱ्या प्रांतातल्या अस्पृश्यांच्या वाट्याला मात्र पहिल्या कौन्सिलात एकच जागा आली, तीही सरकारी नियुक्तीने.

या सभागृहाच्या अधिकारांची आणखी एक मर्यादा होती आणि पुढच्या घटना कळण्यासाठी ती ध्यानात ठेवावी लागते. कौन्सिलाने केलेला ठराव म्हणजे सरकारला केलेली शिफारस. सरकारने ती मानावीच असे बंधन नव्हते. एखादा सभासद उत्तम ठराव मांडू शकत होता, तो मंजूरही करून घेऊ शकत होता, पण त्याची अंमलबजावणी करण्याचे कसलेच साधन त्याच्या हाती नव्हते.

पाण्याचा प्रश्न काही नवा नव्हता. जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. शाहू महाराजांनी 1919 मध्ये कोल्हापूर संस्थानात धर्मशाळा, विहिरी, शाळा, दवाखाने यांत अस्पृश्यांशी भेदभाव होता कामा नये, असे हुकूम काढले. विठ्ठल रामजी शिंदे 1906पासून डिप्रेस्ड क्लासेस मिशनचे काम करत होते. फुल्यांचा हौद त्यांच्या मालकीचा होता आणि शाहूंचे संस्थान त्यांच्या आज्ञेत होते. ब्रिटिश हद्दीतल्या हजारो गावांत आणि कसब्यांत अशी एका माणसाच्या मर्जीने उघडतील अशी दारे नव्हती. तिथे पाणवठ्यावर गावाची सत्ता चाले. अस्पृश्य बायका तासन् तास विहिरीपासून लांब उभ्या राहत. कोणी सवर्ण बाई दया येऊन वरून ओतेल तेव्हा घागर भरायची, नाही तर ओढ्याचे, डबक्याचे पाणी आणायचे. कोकणात पाऊस धो धो पडतो. तरीही उन्हाळ्यात तिथे महारवाड्याला लांबून पाणी आणावे लागे.

4 ऑगस्ट 1923 रोजी बोल्यांनी कौन्सिलात ठराव मांडला. त्याचा आशय असा : सार्वजनिक पैशातून बांधलेल्या व चालवलेल्या, किंवा सरकारने नेमलेल्या अगर कायद्याने निर्माण केलेल्या संस्थांच्या ताब्यात असलेल्या सर्व सार्वजनिक पाणवठ्यांचा, विहिरींचा आणि धर्मशाळांचा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायकचेऱ्या, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा वापर अस्पृश्य वर्गांना करू द्यावा, अशी हे कौन्सिल शिफारस करते. ठराव मंजूर झाला.

या मजकुराकडे आज नीट पाहिले की त्यामागचे डोके दिसते. अस्पृश्यता शास्त्राला धरून आहे की नाही, या वादात बोले शिरलेच नाहीत. तो वाद तेव्हा पन्नास वर्षे चालला होता आणि आणखी पन्नास वर्षे चालला असता. त्यांनी एकच कसोटी लावली : पैसा कुणाचा? विहीर सार्वजनिक खर्चाने बांधली असेल, तिची देखभाल नगरपालिकेच्या किंवा लोकल बोर्डाच्या तिजोरीतून होत असेल, तर त्या तिजोरीत भर घालणारा कोणीही तिथून पाणी भरू शकतो. महारही कर भरत होता, चांभारही भरत होता. धर्माच्या नावाने उभे राहणारे विरोधक या युक्तिवादापुढे अडचणीत येत, कारण त्याला उत्तर देण्यासाठी त्यांना कराचे पैसे परत करण्याची तयारी दाखवावी लागली असती. माझ्या मते बोल्यांचे राजकीय कर्तृत्व या एका निवडीत आहे. सुधारकांनी करुणेच्या आधाराने मांडलेला प्रश्न त्यांनी हिशेबाच्या वहीत आणून बसवला.

सरकारने सव्वा महिन्यात पाऊल उचलले. 11 सप्टेंबर 1923च्या हुकुमाने सर्व खातेप्रमुखांना कळवण्यात आले की सरकारच्या मालकीच्या आणि सरकार चालवत असलेल्या जागांपुरता हा ठराव अमलात आणावा. नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या बाबतीत मात्र हुकुमाची भाषा एकदम मवाळ झाली. कलेक्टरांनी आपापल्या जिल्ह्यातल्या स्थानिक संस्थांना हा ठराव स्वीकारण्याच्या इष्टतेचा विचार करण्याचा सल्ला द्यावा, एवढेच त्यात होते. म्हणजे कौन्सिलाने सरकारला शिफारस केली, सरकारने कलेक्टरला कळवले, कलेक्टरने नगरपालिकेला सल्ला द्यायचा आणि नगरपालिकेने त्यावर विचार करायचा. गावातले बहुतेक सार्वजनिक पाणवठे याच स्थानिक संस्थांच्या अखत्यारीत होते. ठरावाचा खरा जोर जिथे लागायला हवा होता, नेमका तिथेच तो विरघळून गेला.

काही ठिकाणी हा सल्ला मानला गेला. कुलाबा जिल्ह्यातल्या महाड नगरपालिकेने 1924च्या जानेवारीत ठराव करून गावचे चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. सुरेंद्रनाथ टिपणीस हे या नगरपालिकेचे अध्यक्ष. सुधारक विचारांचे, कायस्थ समाजातले हे गृहस्थ पुढे आंबेडकरांच्या चळवळीत निष्ठेने राहिले. नगरपालिकेच्या दप्तरात ठराव नोंदला गेला, पण तळ्यावर काही बदलले नाही. चवदार तळ्याच्या चारी बाजूंना सवर्णांची घरे होती. मुसलमान तिथे पाणी भरत, गुरेढोरे पाणी पीत, पण अस्पृश्य तिकडे फिरकत नसत. कारण तळे कागदोपत्री खुले झाले तरी घागर घेऊन पहिले जाणाऱ्या माणसाला संध्याकाळी आपल्याच गावात परत जायचे होते.

तीन वर्षे हे पाहून बोल्यांनी दुसरा ठराव आणला. 5 ऑगस्ट 1926 रोजी त्यांनी मागणी केली की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करत नाहीत, त्यांचे अनुदान सरकारने थांबवावे. पहिल्या ठरावात पैसा हक्काची कसोटी म्हणून आला होता. आता तो शिक्षेचे साधन म्हणून आला. याला एक पूर्वाधारही होता. अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या अनुदानित शाळांना अनुदान द्यायचे नाही, असे सरकारने 1923 मध्येच ठरवले होते. शाळेला जो नियम लागू, तोच नगरपालिकेलाही असावा, हा विचार सरळ होता. पण स्थानिक संस्थांशी भांडण घेण्याची सरकारची तयारी नव्हती, आणि त्या संस्थांत बसलेल्या मंडळींच्या गोतावळ्यातूनच कौन्सिलात सभासद येत होते.

त्याच वर्षी बोले रस्त्यावरच्या वादातही दिसतात. दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात सर्व हिंदूंकडून वर्गणी घेतली जाते, मग पूजेचा मान अस्पृश्यांना का नाही, असा सवाल उभा राहिला. प्रबोधनकार ठाकरे, बोले आणि डॉ. आंबेडकर त्यात पुढे होते. कौन्सिलात विहिरीला लावलेला पैशाचा न्याय बोल्यांनी मंडपातही लावला.

1927च्या मार्च महिन्यात सगळ्या धाग्यांची गाठ महाडला पडली. रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरवायचे ठरवले होते. 19 आणि 20 मार्चला कोकणच्या आणि आसपासच्या गावांतून हजारो लोक पायी आले. मार्चचे ऊन, एवढी गर्दी, आणि गावात एक भले मोठे तळे. तरीही परिषदेला आलेल्या लोकांसाठी सवर्णांकडून 40 रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. नगरपालिकेच्या ठरावाला तीन वर्षे उलटून गेलेली होती. परिषदेने बोले ठरावाची अंमलबजावणी सरकारने करून द्यावी, अशी मागणी मंजूर केली. दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी अनंतराव चित्रे उठले आणि नगरपालिकेने दिलेला हक्क आपण आताच बजावू या, असे त्यांनी सुचवले. आंबेडकरांच्या मागे रांग लावून लोक शिस्तीने तळ्यावर गेले. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्यायले. मग बाकीच्यांनी.

मिरवणूक मंडपात परतली, आणि अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई गावात उठली. काठ्या घेऊन जमाव आला. जेवायला बसलेल्या, गावाकडे परत निघालेल्या लोकांना मारहाण झाली. वीसेक माणसे जबर जखमी झाली. आंबेडकरांनी आपल्या लोकांना हात उचलू दिला नाही, आणि शेकडो माणसांनी तो शब्द पाळला. जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तोवर गावाने तळ्याचे 'शुद्धीकरण' उरकले होते. शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या 108 घागरी मंत्रघोषात तळ्यात ओतल्या गेल्या आणि पाणी पुन्हा सवर्णांच्या उपयोगाला योग्य झाले, असे जाहीर करण्यात आले.

4 ऑगस्ट 1927 रोजी महाड नगरपालिकेने आपला 1924चा ठराव मागे घेतला. तारीख पाहावी. बोल्यांचा मूळ ठराव कौन्सिलात मंजूर झाला त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. 1923च्या हुकुमात सल्ला होता, सक्ती नव्हती, म्हणून नगरपालिकेला हे करता आले. ज्या संस्थेने स्वखुशीने हक्क दिला होता, तिनेच तो काढून घेतला आणि सरकारकडे तिला अडवण्यासाठी काहीच नव्हते.

पुढची हकीकत प्रसिद्ध आहे, ती थोडक्यात सांगतो. आंबेडकरांनी डिसेंबरमध्ये सत्याग्रह जाहीर केला. सवर्ण मंडळींनी 12 डिसेंबरला महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला, तळे खासगी मालकीचे आहे असे सांगितले आणि 14 डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. परिषदेला गावात कोणी जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. 25 डिसेंबरला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. कोर्टाचा मान राखून तळ्यावरचा सत्याग्रह मात्र तहकूब केला गेला. त्यानंतर दावा दहा वर्षे चालला. 8 जून 1931 रोजी महाडच्या कोर्टाने तो फेटाळला. जानेवारी 1933 मध्ये ठाण्याच्या अपील कोर्टाने तोच निकाल कायम केला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने सवर्णांचे अपील नाकारले. तळे खासगी नाही, आणि अस्पृश्यांना तिथे अनादि काळापासून बंदी होती ही रूढीही शाबीत झालेली नाही, असा निष्कर्ष निघाला. पाणी कुणाच्या ताब्यात आहे, सार्वजनिक की खासगी, हा बोल्यांनी 1923 मध्ये कौन्सिलापुढे ठेवलेला प्रश्नच चौदा वर्षांनी हायकोर्टात निकाली निघाला.

बोले ठराव अयशस्वी झाला, असे म्हणण्याची पद्धत आहे. त्याने गावोगावच्या विहिरी उघडल्या नाहीत हे खरे, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण त्याने काय घडवले तेही मोजायला हवे. महाड नगरपालिकेचा ठराव त्याच्यामुळे झाला. चित्र्यांनी तळ्याकडे चला म्हटले तेव्हा त्यांना कायदा मोडायला चला असे म्हणावे लागले नाही. मंजूर झालेला हक्क वापरायला ते लोकांना बोलावत होते. हल्ला करणारे गुन्हेगार ठरले आणि पाणी पिणारे नागरिक. सरकारी अधिकाऱ्यांपुढे, वर्तमानपत्रांत आणि पुढे कोर्टात या फरकाचे वजन फार होते.

दुसरे असे की, ठरावाच्या दुबळेपणातून आंबेडकरांनी जो धडा घेतला, तो देशाच्या कायद्यात उतरला. 1923चा मार्ग सल्ल्याचा होता, 1926चा अनुदान रोखण्याचा. 1930 मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत आंबेडकर आणि मद्रासचे रेट्टमलै श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या हक्कांची जी योजना सादर केली, तिच्यात शाळा, रस्ते, तळी, विहिरी आणि इतर पाणवठे वापरू न देणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा मागितली होती. तळ्यापायी मार खाल्लेल्या माणसांच्या अनुभवातून आलेले हे कलम आहे. सदिच्छेवर सोडलेला हक्क एका बैठकीत रद्द होतो, हे महाडने दाखवून दिले होते.

1950च्या संविधानाच्या 15व्या अनुच्छेदात ही वाट आणखी पुढे गेलेली दिसते. पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेल्या किंवा सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी समर्पित केलेल्या विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणावरही बंधन घालता येणार नाही, असे ते सांगते. सार्वजनिक पैशाची कसोटी इथे आहे, आणि बोल्यांच्या ठरावातली एक मोठी फटही इथे बुजवली आहे. गावातल्या पुष्कळ विहिरी कुणी पुण्य म्हणून, कुणी वर्गणी काढून बांधलेल्या असत. त्या 'सार्वजनिक पैशा'च्या व्याख्येबाहेर ढकलणे सोपे होते. जनतेच्या उपयोगासाठी समर्पित या शब्दांनी ती पळवाट बंद केली. 17व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि 1955च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने पाणवठ्यावर अडवणे हा शिक्षेस पात्र गुन्हा झाला.

विधिमंडळातल्या माणसाची कारकीर्द आपण सहसा मंत्रिपदांवरून आणि निवडणुकीतल्या मताधिक्यावरून मोजतो. बोल्यांना या मापात बसवले तर ते मधल्या फळीतले ठरतील. पण सत्तेबाहेर बसलेल्या सभासदाला एका ठरावाच्या शब्दयोजनेतून किती लांबचे काम करता येते, याचा एवढा ठळक दाखला मराठी मुलखाच्या संसदीय इतिहासात मला दुसरा दिसत नाही. दरवर्षी 20 मार्चला महाडला लाखो लोक तळ्याला वंदन करायला जातात. तळ्याच्या परिसरात 4 ऑगस्ट 1923च्या ठरावाचा आणि 11 सप्टेंबरच्या हुकुमाचा पूर्ण मजकूर शेजारी शेजारी, वाचता येईल अशा अक्षरांत लावावा, अशी महाड नगरपालिकेला आणि राज्य सरकारला माझी विनंती आहे.